मडकं गप्प झालं की

चैत्रात पहाटे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा किंवा झरीकडच्या रानातून गेलात, तर मोहाच्या झाडाखाली वाकलेली माणसं दिसतील. मोहाचं फूल रात्री फुलतं आणि उजाडता उजाडता गळतं. ऊन चढायच्या आत ते टोपलीत पडलं नाही, तर गुरं त्याचा फडशा पाडतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. कोलाम आणि गोंड घरांत हे फूल आधी खाण्याचं आहे, दारू नंतर. पण मला भट्टीची गोष्ट सांगायची नाही. भट्टी पेटण्याआधी कुणीतरी मडक्यात डोकावून म्हणतं, ‘झालं.’ हे ‘झालं’ कळतं कसं, एवढंच सांगायचं आहे.

भिजवलेलं फूल एक-दोन दिवसांत फसफसू लागतं. वायूचे बुडबुडे फुलांना चिकटतात आणि त्यांना वर उचलून धरतात, म्हणून मडक्याच्या तोंडाशी फुलांचा जाड थर तरंगतो. कान लावला तर आत बारीक पाऊस पडत असल्यासारखा आवाज येतो. मग गोडी उतरत जाते, बुडबुडे विरळ होतात आणि आधार गेलेली फुलं खाली बसतात. पाणी जिभेला कडसर, आंबूस लागतं. मडकं गप्प होतं.

इथे दिवस मोजून भागत नाही. वैशाखात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर असतो, तेव्हा जे काम चार-पाच दिवसांत उरकतं, त्याला थंडीत आठवडा पुरत नाही. घाई केली तर साखर तशीच पाण्यात राहते आणि अर्क कमी पडतो. उशीर केला तर हवेतले जिवाणू घुसतात आणि सगळ्याचा सिरका होतो. दोहोंच्या मधली फट अरुंद असते, आणि ती ओळखायला कान, डोळा आणि जीभ एवढीच साधनं.

या ओळखीचं कूळ जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूखातं पाहणाऱ्या सुराध्यक्षाचं एक सबंध प्रकरण आहे. त्यात ‘किण्व’ म्हणजे आंबवायचं विरजण येतं, उडदापासून केलेलं. शाळेच्या पुस्तकातला ‘किण्वन’ हा शब्द याच घराण्यातला. पोरं तो परीक्षेपुरता घोकतात आणि सकाळी इडलीचं पीठ ‘आंबलं का’ म्हणून विचारतात. गोष्ट तीच.

आसवं-अरिष्टं करणाऱ्या वैद्यांनी तर या खुणांची रीतच बसवली. विरजणासाठी धायटीची लाल फुलं टाकायची. भांडं धान्याच्या राशीत पुरायचं, म्हणजे ऊब टिकते. मग पाहायचं: आवाज थांबला का, फुलं बुडाली का. आसव करणारे आजही भांड्याच्या तोंडाशी जळती काडी धरतात. काडी विझली तर आत कार्बन डायऑक्साइड अजून निघतो आहे. जळत राहिली तर काम संपलं. कोलामाच्या मडक्यातलं फूल आणि वैद्याच्या घागरीतली धायटी एकाच कारणानं बुडतात. वैद्याची गोष्ट ग्रंथात गेली, कोलामाची पंचनाम्यात.

युरोपात हीच खूण काचेच्या नळीत शिरली. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन यांनी 1784 साली बीअरच्या काढ्यातली साखर तरंगत्या मापकानं मोजायची पद्धत पुस्तकातून मांडली. आपल्या दूध डेअरीतल्या लॅक्टोमीटरचंच हे भावंड. साखर जास्त तर द्रव जड आणि मापक वर. साखर सरली की मापक खाली. साखर खातं कोण, हे पुढे 1850-60च्या दशकांत लुई पाश्चर यांनी पक्कं केलं: यीस्ट नावाचा जिवंत जीव. घरी बीअर करणारा आजचा माणूस नुसत्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवत नाही, कारण गारठ्यानं यीस्ट नुसतं झोपतं आणि मडकं खोटं गप्प होतं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजून आकडा हलला नाही, तरच तो बाटल्या भरतो. चुकला तर बंद बाटलीत पुन्हा वायू धरतो आणि बाटली फुटते. मोहवाल्याला ती भीती नाही. त्याचं मडकं उघडंच असतं. मला वाटतं, म्हणूनच त्याला आकड्याची गरज पडली नाही.

आकडा इकडे आला तो सरकारच्या हातून. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी 1892 साली खास मोहफुलांसाठी कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याकडे फूल साठवण्यावरच बंधनं आली. यवतमाळसकट वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. 1956 साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, पुढे 1949चा दारूबंदी कायदा इकडेही आला, आणि भिजवलेलं फूल हा मुद्देमाल झाला. वर्तमानपत्रातल्या बातमीत त्याचं नाव ‘मोहा सडवा’. त्याची मोजणी लिटरमध्ये होते आणि मग तो जागेवरच ओतून देतात.

‘सडवा’ या शब्दाशी माझं भांडण आहे. सडणं वेगळं, आंबणं वेगळं. सडलेल्यातून कुणी काही काढत नाही. यात दारूची भलामण नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी ‘स्वामिनी’ आंदोलनाच्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांनी घरात काय सोसलं ते मोहाच्या सुगंधानं झाकता येत नाही. आता तर फुलाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला आहे. नवसागर यीस्टला नत्र पुरवतो आणि काम लवकर उरकतं. तिथे मडक्याला कान लावायला कुणाला सवड आहे?

मारेगाव, झरी, घाटंजीकडच्या वाचकांना एकच विनंती. फुलं तरंगण्याला, बुडण्याला, मडक्यातल्या त्या आवाजाला तुमच्याकडे कोलामीत किंवा गोंडीत वेगळे शब्द असतील, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून ते लिहून ठेवा.