तातडीचे पाच लाख आणि पुरी भरपाई : गोंदियातील अपघात दावे

मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेली दुरुस्ती दंडाच्या वाढीव रकमांमुळे गाजली. अपघातग्रस्तांच्या भरपाईची प्रकरणे तिने मुळापासून बदलली, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ही प्रकरणे 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. त्यांतून विमा कंपनीला मिळाली ती मुख्यतः निश्चितता. दावेदाराला वेग मिळाला, पण त्या वेगासाठी त्याला भरपाईचा मोठा हिस्सा सोडावा लागू शकतो.

जुन्या कायद्याच्या कलम 140 खाली मृत्यू झाल्यास 50,000 रुपये मिळत. कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नसे. रक्कम तुटपुंजी होती, पण ती अंतरिम होती : ती घेऊन कलम 166 खालचा मूळ दावा चालू ठेवता येई आणि अंतिम निवाड्यातून तेवढी रक्कम वजा होई. दुरुस्तीने हे कलम वगळले. आता कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण कलम 166 च्या परंतुकाप्रमाणे, कलम 149 च्या तडजोडीच्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. जुने कलम 163-अ हाही अंतिम पर्यायच होता हे खरे. मात्र तेव्हा दावा लढवत असताना घरात थोडा पैसा येण्याची सोय होती. ती आता राहिली नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. गोरेगाव तालुक्यातला 32 वर्षांचा एक मजूर, महिन्याची कमाई 10,000 रुपये आणि मागे चार अवलंबित, असे कल्पू. वार्षिक उत्पन्न 1,20,000. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भावी वाढीचे 40 टक्के मिळवले की 1,68,000 होतात. स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा जाता 1,26,000 उरतात. सरला वर्मा निकालातला (2009) या वयाचा गुणक 16 आहे, म्हणजे भरपाई 20,16,000 रुपये. अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या. त्यासाठी वाहनचालकाची चूक आणि मृताची कमाई मात्र सिद्ध करावी लागते. हातावर पोट असलेल्या माणसाच्या कमाईचा कागद नसतो. घरी कर्ता माणूस गेलेला, दारात उधारी, अशा वेळी विधवा पाच लाखांच्या कागदावर सही करते. तिची संमती कायद्याच्या दृष्टीने पुरी असते, पण वीस लाखांचा हिशेब तिला कोणी दाखवलेला असतोच असे नाही.

विमा कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता सरकार ठरवते, तर त्यापोटी येणाऱ्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही. 2016 च्या विधेयकात मृत्यूसाठी 10 लाखांची मर्यादा सुचवली होती. ती पुढे गळाली, आणि ते योग्यच झाले. शिवाय 1994 पासून दाव्याला मुदतच नव्हती. अपघातानंतर दहा वर्षांनी नोटीस आली तर साक्षीदार कुठून आणायचे, ही तक्रार खोटी नव्हे. नव्या कायद्याने सहा महिन्यांची मुदत परत आणली. पण 1988 च्या मूळ कायद्यात उशीर माफ करण्याचा जो अधिकार न्यायाधिकरणाला होता, तो काही परत आणला नाही. सालेकसा किंवा देवरीच्या आदिवासी पाड्यावरच्या कुटुंबाला पोलीस ठाणे, दवाखाना आणि गोंदियाचा वकील यांच्या फेऱ्यांतच सहा महिने सरू शकतात. मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश त्याने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. या मुदतीवर उतारा म्हणून पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. ठाण्यांनी तो काटेकोर पाळला तर मुदतीची धार बरीच बोथट होईल.

29 नोव्हेंबर 2024 रोजी सडक अर्जुनी तालुक्यात भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही बस उलटून 11 जणांचा जीव गेला. सरकारने मृतांच्या वारसांना 10 लाखांची मदत जाहीर केली. अशी सानुग्रह मदत घेतल्याने कलम 166 खालचा हक्क संपत नाही. कायद्याने ठरवून दिलेले पाच लाख घेतले की मात्र तो संपतो. ही विसंगती मला अन्यायाची वाटते.

या सुधारणेने ज्यांना स्पर्शही केला नाही, ते लोक धानाच्या बांधीत भेटतात. रोवणीच्या दिवसांत बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतावर जातात. ट्रॅक्टरला बसण्याची जागा चालकापुरती, त्यामुळे ट्रॉलीतल्या मजुराची जोखीम सर्वसाधारण विम्यात येत नाही. ब्रिजमोहन प्रकरणात (2007) सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनी जबाबदार नसल्याचे मान्य केले. तरीही आपला विशेष अधिकार वापरून, आधी मजुराला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश दिला. तो विशेष अधिकार गोंदियाच्या न्यायाधिकरणाकडे नाही. दोन-चार एकरांच्या मालकाकडून दहा-पंधरा लाख वसूल होणेही अवघडच. म्हणून कृषी ट्रॅक्टरच्या विम्यातच ट्रॉलीतल्या मजुरांचे संरक्षण सक्तीचे करून त्याचा वाढीव हप्ता शासनाने उचलावा. आणि कलम 164 च्या तडजोडीवर सही होण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने कलम 166 चा अंदाजी हिशेब मराठीत लिहून वारसांच्या हाती द्यावा, अशी अट नियमांतच घालावी.