घरी भरलेल्या फिती

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. पण आमच्याकडे तिचा खरा सुकाळ झाला तो १९८० नंतर. आखाती देशांतून परतणाऱ्याच्या सामानात टेपरेकॉर्डर हटकून असावयाचा. मग गल्लोगल्ली दुकाने निघाली. गाण्यांची यादी लिहून द्यावी, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यावी. (हे कायद्यात बसत नव्हते, पण विचारतो कोण!)

माझ्या मते खरी मौज घरी भरण्यात. ९० मिनिटांच्या फितीची एक बाजू ४५ मिनिटांची. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून आम्ही भावंडे वहीत बेरजा मांडीत असू. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून टिपायचे, म्हणजे घरातले आवाजही आत शिरत. नागपूरला सासरी गेलेल्या ताईसाठी भरलेल्या फितीत सुधीर फडक्यांच्या दोन भावगीतांमध्ये आईची हाक उमटली आहे : "अरे, दूध उतू गेलं!"

कॅसेटच्या कडेचे दोन चिमुकले तुकडे मोडले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. ताईने ते फीत पोचली त्याच दिवशी मोडले. आईचा आवाज आज आमच्याकडे तेवढाच आहे.