इंग्लंड व वेल्समधील ऐतिहासिक कॅथलिक मंदिरे : एक परिचय

इंग्लंड-वेल्समध्ये फिरणाऱ्या कॅथलिक श्रद्धावंताला एक गोष्ट कोड्यात टाकते. गावोगावची मध्ययुगीन चर्चेस आपल्याच श्रद्धेच्या पूर्वजांनी उभारली. परंतु ती आज अँग्लिकन पंथीयांकडे आहेत. कॅथलिक धर्मग्रामांची चर्चेस बहुतांशी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील आहेत. मधल्या काळात श्रद्धेने कोठे आश्रय घेतला, हे सांगणाऱ्या काही वास्तूंची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

छळाचा काळ

१५३४ साली राजा आठवा हेन्री याने रोमशी नाते तोडले. १५५९ च्या कायद्याने मिस्सा निषिद्ध ठरली आणि १५८५ पासून धर्मगुरूला आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा झाला. यॉर्क येथील एका खाटकाची पत्नी संत मार्गारेट क्लिथरो हिने धर्मगुरूंना घरात लपविले. आपल्याविरुद्ध साक्ष देण्याची वेळ मुलांवर येऊ नये म्हणून तिने न्यायालयात बाजू मांडण्यास नकार दिला. २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ज्या ४० रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले, त्यांत तिचा समावेश आहे. त्या काळी घर हेच चर्च होते.

होलीवेल

वेल्समधील होलीवेल येथे संत विनिफ्रेड हिच्या नावाचा पवित्र झरा आहे. त्यावरील दगडी वास्तू सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची आहे. बंदीच्या काळातही येथील यात्रा खंडित झाली नाही. राजा दुसरा जेम्सही येथे येऊन गेला.

लुलवर्थ

डॉर्सेट परगण्यातील लुलवर्थ किल्ल्याच्या आवारात थॉमस वेल्ड यांनी १७८६ साली संत मरियेचे मंदिर बांधण्यास प्रारंभ केला. ते बाहेरून चर्चसारखे दिसू नये, अशी राजा तिसरा जॉर्ज याची अट होती असे सांगतात. १५ ऑगस्ट १७९० रोजी येथेच जॉन कॅरोल यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकेचे ते पहिले कॅथलिक बिशप. पुढे १७९१ च्या कायद्याने कॅथलिक प्रार्थनामंदिरांना मान्यता दिली, परंतु मनोरा व घंटा यांना मनाई कायम ठेवली. १८२९ साली कॅथलिकांना बहुतेक नागरी हक्क मिळाले आणि १८५० साली धर्मप्रांतांची पुनःस्थापना झाली.

वॉल्सिंगहॅम

नॉरफोक परगण्यातील स्लिपर चॅपल हे चौदाव्या शतकातील छोटेसे मंदिर होय. यात्रेकरू येथे पादत्राणे काढून पवित्र मरियेच्या तीर्थाकडे अखेरचा मैल अनवाणी चालत. १५३८ साली तीर्थ उद्ध्वस्त झाले. स्लिपर चॅपलचा वापर पुढे गोठा व धान्याचे कोठार म्हणूनही झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्लट पिअर्सन बॉइड या बाईंनी ते विकत घेऊन दुरुस्त केले. १९३४ साली ते राष्ट्रीय मरियातीर्थ ठरले, तर २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यास बॅसिलिकेचा दर्जा दिला.

शिक्षण वा नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या आपल्या कुटुंबीयांनी या स्थळांना अवश्य भेट द्यावी, असे आम्ही सुचवितो. आपण रविवारी सहजपणे मिस्सेला जातो. त्या मिस्सेसाठी मार्गारेटने प्राण दिले, याचे स्मरण तेथे होईल.