केडगावची अन्यभाषा : १९०५ ते १९०७

पंडिता रमाबाई म्हटलं की शारदा सदन, ‘स्त्रीधर्मनीती’, विधवांचं शिक्षण आणि पुण्यातले वाद हे सगळं आपल्याला आठवतं. त्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण मात्र मराठीत फारसं कोणी उघडत नाही. १९०५ ते १९०७ या काळात केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची एक लाट आली आणि त्या लाटेत काही मुली कोणालाच न समजणाऱ्या भाषेत बोलू लागल्या. रमाबाईंना मानणारे सुधारक या प्रसंगाने अवघडतात आणि त्यांचे टीकाकार त्याला वेड म्हणून मोकळे होतात. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक मात्र केडगावचं नाव आवर्जून घेतात. तेव्हा हा प्रकार नेमका काय होता आणि रमाबाईंनी त्याचा अर्थ काय लावला, ते आपण पाहू.

शब्द आणि त्याचा उगम

मराठी बायबलात या प्रकाराला ‘अन्य भाषा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘ग्लोसा’. त्याचा अर्थ जीभही होतो आणि भाषाही. नव्या करारात या गोष्टीची दोन वेगळी चित्रं आहेत आणि पुढचा सगळा वाद या दोघांच्या फरकातून निघतो.

पहिलं चित्र ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी येरुशलेमात देशोदेशीचे यहुदी जमले आहेत आणि गालीलचे शिष्य बोलतात ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येतं. इथे भाषा खऱ्या आहेत आणि ऐकणाऱ्याला त्या कळतात.

दुसरं चित्र पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, विशेषतः चौदाव्या अध्यायात. तिथे अन्यभाषेत बोलणारा माणसांशी नाही, देवाशी बोलतो. दुसऱ्याला त्यातलं काही कळत नाही. पौल ही देणगी नाकारत नाही, आपल्यालाही ती आहे असं तो सांगतो. पण मंडळीत तिला तो शिस्त लावतो. दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावं आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसून मनात देवाशी बोलावं. मंडळीत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला बरे वाटतात.

म्हणजे सुरुवातीपासूनच प्रश्न दोन आहेत. ही भाषा लोकांना सांगण्यासाठी, की देवाजवळ मन मोकळं करण्यासाठी? आणि ती ज्याला येते तो इतरांहून वरचा ठरतो का?

मुक्तीत काय घडलं

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव. इथे मुक्ती सदन उभं राहिलं ते दुष्काळाच्या मुलींसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आल्या. पुढे १९०० मध्ये, आपल्या गुजरातेत ज्याला अजून ‘छप्पनियो’ म्हणतात त्या दुष्काळात, रमाबाईंच्या कार्यकर्त्या इकडे आल्या आणि शेकड्यांनी मुली घेऊन गेल्या. बडोद्यात बसून हा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुक्तीच्या प्रार्थनागृहात मराठीबरोबर गुजराती आणि हिंदीही चालत असे. शिवाय परदेशी बायका कामाला असल्यामुळे इंग्रजी मुलींच्या कानावर रोज पडत असे.

१९०४ मध्ये वेल्समध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उठली. तिची बातमी हिंदुस्थानात आली आणि १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुक्तीत रोजच्या खास प्रार्थना सुरू केल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. जवळच्या मुलीला ती खरोखर पेटलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, असं मिनी अॅब्रॅम्स यांनी लिहून ठेवलं आहे. मिनी अॅब्रॅम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी, मुक्तीत रमाबाईंचा उजवा हात. यानंतर मोठ्याने रडणं, पापं कबूल करणं, सगळ्यांनी एकाच वेळी आवाज चढवून प्रार्थना करणं हे महिनोन्‌महिने चाललं. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागल्या.

अन्यभाषेचे ठळक उल्लेख येतात ते १९०६ च्या अखेरीपासून. दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन मुक्तीत आले तेव्हा इंग्रजी न येणारी एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असं त्यांनी कळवलं. रमाबाईंनीही अशीच नोंद केली. श्रद्धावंतांनी यात पेंटेकॉस्टचा दिवस पाहिला. इतिहास वाचणाऱ्याने एवढं जोडावं की वर्षानुवर्षं कानावर पडलेली इंग्रजी प्रार्थना अशा भरात तोंडी येणं अशक्य नाही. बाकी बहुतेक बोलणं कोणत्याच ओळखीच्या भाषेतलं नव्हतं. पुढे विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की अशा बोलण्यात ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात, लय आणि चढउतार वाक्यासारखे असतात, पण शब्दार्थाची व्यवस्था नसते. या निष्कर्षाने तो अनुभव खोटा ठरत नाही. ते बोलणं निरोप पोचवण्याचं साधन नव्हतं, एवढंच त्यातून कळतं.

अमेरिकेतला अर्थ

याच काळात अमेरिकेत वेगळा अर्थ लावला जात होता. कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे १९०१ च्या पहिल्याच दिवशी चार्ल्स पार्‌हम यांच्या शिष्या अॅग्नेस ओझमन अन्यभाषेत बोलल्या. पार्‌हम यांनी यावरून दोन गोष्टी मांडल्या. एक, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा म्हणजे अन्यभाषा. दोन, ही जगातली खरी भाषा असते, तेव्हा मिशनऱ्याने परदेशी जाण्यापूर्वी भाषा शिकत बसायचं कारण नाही. पार्‌हम यांच्याकडेच शिकलेले विल्यम सीमूर हे कृष्णवर्णी धर्मोपदेशक. त्यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर मोठी लाट सुरू झाली.

तिथून आल्फ्रेड आणि लिलियन गार हे जोडपं १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरलं. आपल्याला बंगाली भाषेची देणगी मिळाली आहे अशी आल्फ्रेड गार यांची समजूत होती. कलकत्त्यात ती टिकली नाही. बंगाल्यांना बंगाली बोललेलं कळावं लागतं, आणि ते काही कळेना. गार पुढे हाँगकाँगला गेले. भाषेच्या देणगीचा उपयोग प्रचाराला नसून प्रार्थनेला आहे, अशा समजुतीकडे ही चळवळ हळूहळू वळली.

रमाबाईंचं उत्तर

सप्टेंबर १९०७ च्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या इंग्रजी पत्रात रमाबाईंनी टीकाकारांना उत्तर दिलं. हा उन्माद आहे, गोंगाट आहे, अडाणी मुलींचं खूळ आहे, असे आक्षेप होते आणि ते मुख्यतः मिशनरी वर्तुळातूनच आले होते. रमाबाईंचा मुद्दा असा की पवित्र आत्म्याने इतर देशांतल्या ख्रिस्ती लोकांत आपल्या पद्धतीने काम केलेलं चालतं, तर हिंदी ख्रिस्ती लोकांतच ते पाश्चात्त्य शिस्तीत बसवण्याचा आग्रह का? मुली कोणत्या आवाजात रडाव्यात हे बाहेरच्यांनी ठरवू नये.

यात पणाला काय लागलं होतं ते पाहा. या मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या, कित्येक विधवा, कित्येक टाकलेल्या. त्यांचा आवाज आजवर घरात, गावात, देवळात कोणी मोजला नव्हता. चर्चमध्येही तो आधी पाद्र्याच्या वळणाला लावून मग ऐकायचा, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही.

पण त्या दुसऱ्या टोकालाही गेल्या नाहीत. अन्यभाषा आली तरच आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, हा अमेरिकेतला नियम मुक्तीत लागू झाला नाही. मिनी अॅब्रॅम्स यांनी अन्यभाषेला मोठं स्थान दिलं, तरी ती प्रत्येकाला आलीच पाहिजे असं त्या मानत नव्हत्या. त्यांचं पुस्तक चिलीमधल्या व्हॅल्पारायसोला त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे, मे हूव्हर यांच्याकडे गेलं. तिचे पती विलिस हूव्हर तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे पाद्री. १९०९ मध्ये तिथे जी चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी अझूसा स्ट्रीटपेक्षा केडगाव जास्त आहे. म्हणूनच हा इतिहास एका अमेरिकन रस्त्यापासून सुरू करणं आता अभ्यासकांना पटत नाही.

दुसरं टेबल

याच वर्षांत, याच आवारात रमाबाई आणखी एक काम करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणत होत्या. आधीचं मराठी बायबल त्यांना संस्कृतने जड झालेलं वाटे. खेड्यातल्या बाईला ऐकताच कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये संस्कृतसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई एकेक संस्कृत शब्द बाजूला काढत होती. हे काम १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी पुरं झालं. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापून ते १९२४ मध्ये बाहेर आलं.

ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण पौलाचा चौदावा अध्याय शेजारी ठेवला की ती एकाच हिशोबात बसतात. देवाशी बोलताना भाषा कळलीच पाहिजे असं नाही. माणसांशी बोलताना मात्र ती कळलीच पाहिजे, आणि त्यासाठी देणगीची वाट न बघता वर्षानुवर्षं कोश उघडून बसावं लागतं. पार्‌हम यांना अन्यभाषेने जी मेहनत वाचवायची होती, नेमकी तीच रमाबाईंनी अंगावर घेतली. केडगावच्या मुली रात्री प्रार्थनेत काहीही बोलल्या असोत, सकाळी गावात गेल्या तेव्हा त्या लोकांना कळेल अशाच भाषेत बोलत होत्या.