'माझ्या म्हाताऱ्यांचे काय?' : मराठीतील सुबोध लेखनाची पहिली परीक्षा

थ्रेड 🧵

१/
नागपूरच्या प्रतापनगरातील एखादा विद्यार्थी मित्राला सहज विचारतो, "काय करून राहिला बे?" तोच विद्यार्थी उत्तरपत्रिका हाती घेतो आणि 'सदर बाबीच्या अनुषंगाने' असे लिहू लागतो. बोलताना जे लख्ख असते, ते लिहिताना धूसर का होते? आणि जड लिहिणे म्हणजेच विद्वत्ता, हा समज कितपत खरा?

२/
हा प्रश्न नवा नाही. प्रतापनगरातून अमरावतीच्या दिशेने निघाले की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव लागते. मराठीत कोणासाठी लिहायचे, कसे लिहायचे आणि ऐकलेले कितपत खरे मानायचे, याचा विचार तेराव्या शतकात या गावी झाला. त्यातून 'लीळाचरित्र' उभे राहिले. उपलब्ध मराठी गद्यग्रंथांत ते आद्य मानले जाते.

३/
काळ देवगिरीच्या यादवांचा. बोली मराठी, पण शास्त्राची भाषा संस्कृत. यादवांचा विद्वान मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड धर्मशास्त्रग्रंथ संस्कृतातच रचला. ज्याला संस्कृत येत नाही, त्याच्यासाठी ज्ञानाचे दार बंद. स्त्रिया आणि बहुसंख्य जाती या दाराबाहेर उभ्या होत्या.

४/
महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे. म्हणजे मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. तरीही त्यांनी निरूपणासाठी मराठीच निवडली. गावोगाव हिंडत, समोर बसलेल्या माणसाला समजेल अशा शब्दांत ते बोलत. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. जे होते, ते शिष्यांच्या आठवणीत होते.

५/
इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधर शिष्यांतून निघून गेले. मागे राहिलेली मंडळी रिद्धपूरला, चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात, एकत्र आली. नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास हे त्यांचे प्रमुख झाले. प्रश्न आता निकडीचा होता. माणसे थकत होती आणि त्यांच्याबरोबर आठवणीही जाणार होत्या.

६/
हे काम म्हाइंभटांनी अंगावर घेतले. ते संस्कृत शास्त्रांत मुरलेले पंडित होते आणि एके काळी स्वतःच्या विद्वत्तेचा त्यांना अभिमानही होता. पांडित्य दाखवायचेच असते, तर त्यांना ते सहज जमले असते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि प्रथम ऐकायला बसले.

७/
त्यांची पद्धत आजच्या इतिहासाभ्यासकालाही ओळखीची वाटेल. नागदेवाचार्यांकडून प्रसंग ऐकायचा. त्या प्रसंगी जे हजर होते, त्यांना गाठून विचारायचे. मग लिहायचे. रिद्धपुरातील वाजेश्वरी येथे, इ.स. १२७८ च्या सुमारास, हा ग्रंथ आकाराला आला असे मानतात. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग आहेत.

८/
आता या गद्याची घडण पाहू. एक लीळा म्हणजे एक प्रसंग. प्रसंग कुठे घडला, कोण होते, कोणी काय विचारले, काय उत्तर मिळाले, एवढेच. वाक्ये लहान आणि क्रियापदाशी थांबणारी. त्या काळच्या पोथीत आजच्यासारखा स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह नव्हते. ती चिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने रुजली. त्यामुळे वाक्य कुठे संपले, हे वाक्याच्या बांधणीनेच सांगावे लागे.

९/
दुसरे तंत्र दृष्टांताचे. केशिराजबासांनी चक्रधरांच्या वचनांवरून 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. त्याची मांडणी तीन पायऱ्यांची : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टान्तिक. म्हणजे आधी मुद्दा, मग रोजच्या जगण्यातले उदाहरण, आणि मग त्या उदाहरणाचा मुद्द्याशी नेमका संबंध.

१०/
हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत त्यातलाच. कोणाला पाय खांबासारखा वाटतो, कोणाला कान सुपासारखा. खांब आणि सूप ही घरातली वस्तू, म्हणून ऐकणाऱ्याला अडत नाही. पण उदाहरण देऊन ग्रंथ थांबत नाही. ते कशासाठी दिले, हेही सांगतो. पुष्कळ लेखक नेमकी हीच तिसरी पायरी विसरतात.

११/
आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. तो 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहे. केशिराजबास संस्कृतात उत्तम रचना करीत. ते संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. आशय असा : असे करू नका, त्याने माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील.

१२/
'नागवणे' म्हणजे लुबाडणे. हा शब्द थोडा थांबून वाचावा. दुर्बोध लेखनाने वाचकाची गैरसोय होते, असे नागदेवाचार्य म्हणत नाहीत. जे त्या म्हाताऱ्यांचे आहे ते त्यांच्याकडून हिरावले जाते, असे म्हणतात. कठीण लिहिणे ही त्यांच्या दृष्टीने शैलीची उणीव नव्हती, तो अन्याय होता.

१३/
आणि या म्हाताऱ्या मुकाट ऐकणाऱ्या नव्हत्या. महदाइसा ऊर्फ महदंबा यांचेच पाहावे. लीळाचरित्रात त्या सतत प्रश्न विचारताना दिसतात. त्यांचे 'धवळे' प्रसिद्ध आहेत आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भाषा खुली ठेवली की श्रोता केवळ ऐकत नाही, उलट प्रश्नही करतो, त्याचा हा पुरावा.

१४/
पुढे संकट आले. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. शिष्यांनी ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. हिराइसा या स्त्रीचा पाठ त्यांपैकी एक. गाठीला बांधावी तशी एकेक घटना वेगळी, वाक्ये बोलण्याच्या चालीची. असे गद्य स्मरणात टिकणे सोपे, अलंकारांनी लगडलेले अवघड.

१५/
आठवणी सगळीकडे जुळल्या नाहीत. तेव्हा संकलकांनी काय केले? भेद दडपले नाहीत. अमुक व्यक्तीच्या आठवणीप्रमाणे हे असे घडले, अशी भिन्न स्मृती 'वासना' म्हणून नोंदवली, तर अधिक माहिती 'शोध' म्हणून जोडली. भाषा सोपी ठेवायची म्हणून मतभेद झाकायचे, ही पळवाट त्यांनी घेतली नाही. अर्थात हा भक्तांनी रचलेला ग्रंथ आहे, हे भान अभ्यासकाने ठेवावेच लागते.

१६/
यानंतरचा भाग विलक्षण आहे. म्हाताऱ्यांना कळावे म्हणून मराठीत लिहिलेले हे वाङ्मय पंथाने पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. भाषा सर्वांची, पण लिपी मोजक्यांची. परिणामी कित्येक शतके बाहेरच्या मराठी समाजाला आपल्याच गद्याचा हा आरंभ दिसला नाही. शब्द सोपे असले, तरी वाचकापर्यंतची वाट बंद झाली की लेखन पुन्हा मुके होते.

१७/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिपीची किल्ली शोधली. १९३६-३७ पासून नागपूरचे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग संपादून छापले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य दिले. १९७८ साली त्यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती निघाली. बंद झालेली वाट उघडण्यात नागपूरचा वाटा असा मोठा आहे.

१८/
या साऱ्यातून लेखनाचे पाच धडे हाती येतात.
• कोणासाठी लिहितो, हे आधी ठरवावे.
• एका वेळी एकच गोष्ट सांगावी.
• मुद्दा, उदाहरण आणि त्यांचा संबंध, तिन्ही द्यावे.
• माहिती कोणाकडून मिळाली, ते सांगावे.
• मतभेद असतील तर ते लपवू नयेत.

१९/
साडेसातशे वर्षांनंतर रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पण त्या गावाने घालून दिलेली परीक्षा घरीही देता येते. प्रतापनगरातील त्या विद्यार्थ्याने आपला निबंध आजीला मोठ्याने वाचून दाखवावा. ती जिथे "म्हणजे काय रे?" असे विचारेल, तिथे वाक्य पुन्हा लिहावे.

२०/
आजीला इतिहास कळत नाही, असे म्हणण्याआधी एवढे आठवावे : मराठी गद्य ज्यांच्यासाठी अडून बसले, त्या म्हाताऱ्याच होत्या.

#मराठी #इतिहास #लीळाचरित्र #रिद्धपूर