पोढी, पाझर आणि म्हातारचळ : मेंदूत साठणाऱ्या पाण्याचा इतिहास

१/ जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, दान केल्याची नोंद आहे. अशा टाक्याचा नियम सोपा आहे. जितके पाणी झिरपून आत येते तितके बाहेर पडले पाहिजे, नाहीतर ते तुंबते. आपल्या मेंदूतही अशी चार टाकी आहेत. उतारवयात ती तुंबली तर काय होते, आणि ते ओळखायला वैद्यकाला १९६५ साल का उजाडावे लागले, याचा हा इतिहास.

२/ मेंदूच्या पोकळ्यांत रोज सुमारे अर्धा लिटर पाण्यासारखा स्वच्छ द्रव तयार होतो. मात्र एका वेळी मेंदू व मणक्याभोवती मिळून तो सुमारे १५० मिलिलिटरच असतो, बाकीचा सतत रक्तात परत जातो. हा निचरा बिघडला की पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाची कवटी सांधलेली नसते, म्हणून त्याचे डोके मोठे दिसू लागते. वृद्धाची कवटी पक्की असते. त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

३/ प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यकात या पोकळ्या प्राणवायूच्या कोठ्या मानल्या जात. त्यांत द्रव असतो हे इटलीच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये मांडले. १८९१ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांतून सुई घालून तो द्रव काढण्याची रीत दिली. आजही सरकारी रुग्णालयात ‘पाठीतले पाणी काढणे’ म्हणतात ते हेच.

४/ महाराष्ट्रात या विकाराची ओळख झाली ती प्रामुख्याने क्षयरोगाच्या वाटेने. क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो आणि द्रवाच्या वाटा बुजतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी यांनी क्षयाने मेंदूची होणारी हानी बारकाईने अभ्यासली. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९६६ चा. तेथील चित्र ठळक होते : लहान मूल, ताप, उलट्या, डोक्यात वाढलेला दाब. साहजिकच दाब वाढल्याशिवाय हा विकार नाही, अशी समजूत दृढ झाली.

५/ ती समजूत मोडली कोलंबियाच्या बोगोता शहरात. १९५७ मध्ये वाहनाच्या धडकेत जखमी झालेला १६ वर्षांचा मुलगा डॉ. सालोमोन हकीम यांच्याकडे होता. पोकळ्या फुगलेल्या, पण द्रवाचा दाब मोजला तर तो सामान्य. हकीम यांनी तपासणीसाठी १५ मिलिलिटर द्रव काढला आणि अर्धवट शुद्धीत पडून असलेला मुलगा बोलू लागला.

६/ दाब वाढलेला नाही, मग इजा कशाने? हकीम यांनी उत्तर शोधले ते पास्कलच्या नियमात. एकूण बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी एकदा रुंदावली की तोच दाब मोठ्या भिंतीवर जास्त बल लावतो. हे स्पष्टीकरण आज अपुरे मानले जाते, पण त्याने दार उघडले. १९६५ मध्ये हकीम आणि बोस्टनचे डॉ. रेमंड अ‍ॅडम्स यांनी सहकाऱ्यांसह ‘सामान्य दाबाचा हायड्रोसेफॅलस’ जगापुढे मांडला. वार्धक्याचा म्हणून सोडून दिलेला एक विकार उपचाराने सुधारू शकतो, हे त्यांचे म्हणणे होते.

७/ उपचाराचे साधन त्याआधीच तयार होते. जॉन होल्टर हे अमेरिकेतील यंत्रकारागीर. त्यांच्या मुलाला जन्मतः हा विकार होता, म्हणून त्यांनी १९५६ मध्ये सिलिकॉनची झडप बनवली. अशा झडपेची बारीक नळी, म्हणजे शंट, मेंदूतील जादा द्रव त्वचेखालून पोटात नेते. परदेशी शंट महाग. दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. उपाध्याय यांनी आणि पुढे शाहजहानपूरच्या छाब्रा शंटने तो भारतात स्वस्त केला. युगांडातील मुलांवर झालेल्या २००५ च्या अभ्यासात महागड्या शंटच्या तुलनेत छाब्रा शंटचे वर्षभराचे निकाल कमी ठरले नाहीत.

८/ लक्षणे तीन. पहिले, चाल बदलते : पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखी लहान पावले, वळताना अडखळणे. दुसरे, लघवीची घाई, ती न आवरणे. तिसरे, विचार मंदावणे आणि विसरभोळेपणा. आपल्या भाषेने मात्र यांचे निदान आधीच करून ठेवले आहे : ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’. उपचाराच्या वाटेतला पहिला अडथळा हाच.

९/ सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला आणि पोकळ्या प्रत्यक्ष दिसू लागल्या. पण वयानुसार मेंदू आकसला तरी त्या मोठ्या दिसतात. म्हणून पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून आधीची आणि नंतरची चाल ताडून पाहतात. सुधारणा झाली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता वाढते. ती झाली नाही, तरी एवढ्यावरून नकार पक्का होत नाही.

१०/ २०२५ मध्ये ९९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शंट सर्वांना बसवला, पण निम्म्यांची झडप प्रत्यक्षात जवळजवळ बंद ठेवली. तीन महिन्यांत झडप उघडी असलेल्यांची चाल स्पष्ट सुधारली. स्मरणशक्तीत तसा ठोस फरक दिसला नाही. जंतुसंसर्ग, नळी तुंबणे, मेंदूभोवती रक्तस्राव हे धोकेही खरे आहेत.

११/ आता आपल्या मुलखाकडे. जुन्नर पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर. आंबेगाव तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि आहुपेसारखी गावे त्याच्याही पलीकडे घाटमाथ्यावर. तेथील आजीची चाल बिघडली तर पुण्याची वाट धरण्याआधी घरच्यांना वाटायला हवे की हे नुसते वय नाही. गुडघेदुखी, पार्किन्सन, प्रोस्टेट, पक्षाघात यांनीही अशी लक्षणे येतात. म्हणून तपासणी हवी, तर्क नको.

१२/ करता येण्याजोगे एवढेच : चालण्याचा आणि वळण्याचा छोटा व्हिडिओ मोबाईलवर घ्यावा, त्रास कधी सुरू झाला ते लिहून ठेवावे आणि मंचर, घोडेगाव, नारायणगाव किंवा जुन्नरच्या डॉक्टरांना दाखवून मेंदूविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. खर्चाबाबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी. चाल बिघडून फार काळ लोटला नसेल तर ती परत येण्याची आशा अधिक असते.