प्राण, श्वास आणि मस्तिष्कस्तंभ

'प्राण' या एकाच शब्दात श्वास आणि जीवित हे दोन्ही अर्थ नांदतात. मध्यमस्तिष्क, सेतू व लंबमज्जा हे मस्तिष्कस्तंभाचे तीन भाग होत. त्यांपैकी लंबमज्जेतील एका मर्यादित जागी इजा होताच सशाचे श्वसन थांबते, असे फ्रेंच वैद्य लगाल्वा याने १८११ च्या सुमारास दाखविले. फ्लूराँने पुढे त्या स्थानास 'जीवनग्रंथी' म्हटले. श्वास आणि जीवित यांचा सांधा असा सापडला. परंतु विसाव्या शतकात श्वसनयंत्राने तो उकलला. मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी होऊनही छाती हलत राहू लागली. मग मृत्यू कशास म्हणावे? १९९४ च्या भारतीय अवयव-प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. आरंभी ज्या राज्यांस तो लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. श्वास चालू असताही प्राण गेला, असे म्हणणे आपल्या भाषेस तेव्हापासून भाग पडले आहे.